आखाजीचं डोकं

नाना, चुलीतली राख उकिरड्यावर टाकून मी परत आले तेव्हा तुम्ही लिंबाखाली उकिडवे बसून माझीच वाट पाहत होतात. पौषातली थंडी होती. अंगण झाडून झालं होतं, माय शेळीची धार काढत होती आणि चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं. त्यातलं अर्धं पाणी आधी तुम्हाला लागायचं. थंडीत तुमच्या सुरुंगाच्या कांड्या आखडून लाकडासारख्या कडक व्हायच्या, आणि आखडलेली कांडी रागीट असते असं तुम्ही म्हणायचात. तिला मऊ करायचं तर विस्तवाजवळ न्यायचं नाही, दगडावर ठेवायचं नाही. मोठ्या घमेल्यात ऊन पाणी, त्यात कोरडं पातेलं, पातेल्यात कांड्या आणि वरून घोंगडीचा तुकडा. पाणी किती ऊन झालं ते बघायचं काम माझं. मी बाही वर सारून कोपर बुडवते. ‘बायना आंघोयनं व्हयनं का?’ तुम्ही विचारता. बाळाला सोसेल इतपत झालं की मी मान हलवते. मग तुम्ही एकेक कांडी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवता, घोंगडी पांघरता, आणि लेकरू निजल्यावर घरात जसं गप्प बसतात तसे आपण दोघं त्या घमेल्याशेजारी गप्प बसून राहतो. घरात मी तुम्हाला तू म्हणायची. कागदावर हात आपोआप तुम्ही लिहितो, त्याला माझा इलाज नाही. लिहायला मी माझ्या मुलाच्या पुस्तकावरून शिकले, आणि त्या पुस्तकात वडिलांना तुम्हीच म्हटलं होतं.

एकदा तुम्ही कांड्या पेटवायच्या टोप्यांची डबी आणायला आत गेलात आणि मी घोंगडी उचलून एका कांडीला हात लावला. कागद तेलकट लागला. त्याच हातानं मी कपाळावरचे केस मागे सारले. दुपारपर्यंत माझं डोकं असं ठणकू लागलं की डोळे उघडवेनात. कानामागची शीर उडताना मला ऐकू येत होती, आणि नाकात एक गोडसर वास बसला होता, पिकून गेलेल्या केळ्यासारखा. तुम्ही खदानीतून आलात, माझा हात हुंगलात आणि पाठीत धपाटा घातलात. ‘राखनं हात धू. परत हात लावशी त हात तोडसू.’ मग गुळाचा खडा दिलात आणि दिवेलागणीपर्यंत अंगठ्यानं माझी कानशिलं दाबत बसलात. तुमचे अंगठे दगडासारखे होते. तुम्ही सांगितलंत, हे दुखणं त्या कांडीचंच असतं. नव्या माणसाला दोन दिवस धरतं, मग रोजची सवय झाली की सोडतं. पण चार दिवस खाडा झाला की सवय मोडते आणि परतल्यावर पुन्हा पहिल्यासारखं धरतं. म्हणून सणासुदीला घरी असलात तरी कांडीवरचा एक कागद तुम्ही घडी करून फेट्यात ठेवायचात, सवय मोडू नये म्हणून. खदानीतले सगळेच ठेवायचे. तुमचा फेटा धुतला की मायचं डोकं दुखायचं. ‘मनी सवत शे ती,’ माय शेजारणीला सांगायची, ‘दिवसभर खदानमा आनि रातले फेटामा.’ शेजारीण हसायची. तुम्हीही हसायचात, पण कागद काढायचा नाहीत.

सोनगीरच्या किल्ल्याखाली आग्रा रोडच्या खडीची खदान होती. दुपारची भाकर घेऊन मी यायची. तुम्ही वाती पेटवून लांब येऊन बसायचात, उजव्या मुठीत जितके बार भरले तितके खडे घेऊन. एक आवाज झाला की एक खडा डाव्या मुठीत. शेवटी उजव्या मुठीत खडा उरला तर त्या दिवशी खाली कुणी उतरायचं नाही. न उडालेल्या बाराला आपल्या घरात ‘निजलेला’ म्हणत. निजलेल्याला हात लावायचा नाही, त्याची माती खरडायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी वीतभर जागा सोडून नवं भोक पाडायचं, नवा बार भरायचा आणि त्याच्या हादऱ्यानं निजलेल्याला उठवायचं. काळ्या दगडात भोक पाडायला दोन माणसांचा सबंध दिवस जातो. त्यामुळे जुनं भोक दिसलं की मोह होतो. पहार आयती बसते, थोडी माती काढली की झालं. तुमच्या ओळखीचे दोघे असेच गेले होते. हे सगळं तुम्ही मला भाकरीवर ठेचा घेता घेता सांगितलंत, दुसऱ्या कुणाला तरी सांगावं तसं, माझ्याकडे न बघता. पण मी ऐकत होते. तुमचा निजलेला बार कधी मागे राहिला नाही, हे तेव्हा साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. म्हणून तर तुम्हाला विहिरींसाठी लांबून बोलावणं यायचं.

धरणगावजवळच्या या गावातली विहीर तुम्ही तशीच घेतलीत. शेताची नव्हे, गल्लीची, प्यायच्या पाण्याची. ज्यांनी ती बांधायला घेतली ते पुढे माझे सासरे झाले. विहिरीच्या कामावर असताना तुम्ही त्यांच्याच ओसरीवर जेवायचात, त्यांचा मोठा मुलगा तुम्हाला पाणी वाढायचा, आणि तुम्हाला तो आवडला. उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. मी लहान होते म्हणून सोनगीरलाच राहिले. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दसरा झाला आणि तुम्ही विहिरीचं उरलेलं काम पुरं करायला परत इकडे आलात. शेवटच्या बारांना तळ फुटला आणि पाणी लागलं. तुम्ही गुलालानं माखलेले घरी आलात, सासऱ्यांनी दिलेलं धोतर काखेत घेऊन. त्याच आठवड्यात मानमोडीची साथ सोनगीरला आली. तुम्ही अंथरूण धरलंत. तापात तुम्ही एकच गोष्ट मागत होता, जोडे. ‘जोडा दे, माले जानं शे.’ माय म्हणाली, तापात माणूस असंच बोलतं. तुम्ही उठून दारापर्यंत जायचात, म्हणून तिनं जोडे कणगीमागे लपवले. चौथ्या दिवशी तुम्ही मागायचं थांबलात.

दोन वर्षांनी, भर पावसाळ्यात, मी सासरी नांदायला आले. विहिरीला सगळ्या बाया सोनगीरवाल्याची विहीर म्हणत. पाणी गोड होतं. असं पाणी साऱ्या गावात नव्हतं, वरच्या आळीतल्या बाया एवढा उतार उतरून आमच्या रहाटावर यायच्या. दर दसऱ्याला सासरे तिथं तुमच्या नावाचा नारळ फोडायचे. मी नवी सून, बोलायला कुणी नाही, पण हंडा भरायला गेले की बाया सरकून जागा द्यायच्या, हिच्या बापाची विहीर म्हणून.

पहिल्या आखाजीला, वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. झोके झाले, गौराईची गाणी झाली, रस-पोळी झाली. परत आले त्या दिवशी ऊन फार होतं. दारातच सासूबाईंनी तांब्या दिला, मी घटाघटा प्यायले. संध्याकाळी भाकरी थापताना कानामागची शीर उडायला लागली. मग कानशिलं. मग डोळ्यांच्या मागे. मी परात बाजूला सारली आणि भिंतीला टेकून बसले. ते दुखणं मी ओळखलं, नाना. माणसाची चाल अंधारात ओळखू येते तसं ओळखलं. घरात कुठंही कांडी नव्हती, फेटा नव्हता, तुम्हाला जाऊन दोन वर्षं उलटून गेली होती, आणि तुम्ही माझ्या कपाळात येऊन बसला होता. मला भीती वाटली. मी मागे वळून ओसरीकडे पाहिलं. ओसरी रिकामी होती.

सासूबाईंना नवल वाटलं नाही. ‘आखाजीनं डोकं शे ते,’ त्या म्हणाल्या. ‘बठ्ठ्या सुनास्ले व्हस.’ साऱ्या सुनांना होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. गल्लीतल्या ज्या ज्या सुना माहेरून परतल्या होत्या त्या आपापल्या ओट्यावर डोक्याला ओलं फडकं बांधून बसल्या होत्या, एका ओळीत, कुणी कुणाशी न बोलता. सून माहेरी गेली की विहिरीतल्या आसरा, पाण्यातल्या देवता, रुसतात, असं सगळे मानत. गाव सोडून न गेलेल्यांना काही होत नसे. दोन दिवस विहिरीवर हळदकुंकू, दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवल्या की आसरांचा राग जाई आणि डोकं सुटे. पावसाळ्यात माहेरी जाऊन आलं तर काहीच होत नसे. विहीर तळाला गेली की आसरा तापट होतात, असं म्हणत. मीही बांगड्या ठेवल्या. पण आसरांसाठी नाही. मला वाटायचं, खाली तुम्ही आहात. भर दुपारी रहाटावर कुणी नसताना मी वाकून बघायची. पाणी काळं, हलत नसलेलं, आणि त्यात माझं तोंड. एकदा मी हळूच ‘नाना’ म्हटलं. आवाज खाली गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला, जरा जाड होऊन.

पुढे मायही गेली. भावजयीचं आणि माझं कधी जमलं नाही. ‘एवढ्या उन्हातान्हात येता तरी कशाला, तुमचं तिकडं काय अडलंय?’ ती विचारायची. मी म्हणायची, सण आहे म्हणून. दर आखाजीला मी सोनगीरला जात राहिले. तिथं माझं काही नव्हतं. मी जायची ती परत येण्यासाठी. गाडीतून उतरले की आधी तांब्याभर पाणी प्यायची आणि संध्याकाळची वाट बघत बसायची. दोन दिवस तुम्ही असायचात. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले की डोकं हलकं, आणि घर मोकळं. माझ्या मुलाचे वडील गेले ते साल मात्र मी विसरत नाही. चैत्रात ते गेले, दोन दिवसांच्या तापानं. त्या आखाजीला मी घराबाहेर पाऊल टाकणं शक्य नव्हतं. मी इथंच राहिले, रोजचंच पाणी प्यायले, म्हणून डोकं दुखलं नाही. गाव येऊन भेटून गेला, आणि तुम्ही आला नाहीत. मी तुमच्यावर रागावले होते. मेलेल्या माणसावर रागावण्यात अर्थ नाही हे कळत होतं, तरी वर्षभर तो राग राहिला.

आता यंदाचं लिहिते. विहीर दरवर्षी थोडी थोडी उतरत होती. लढाई चालू होती तोवर सुरुंगाचं सामान मिळत नव्हतं. यंदा मिळालं. माझे दीर आता घरातले कर्ते आहेत. त्यांनी विहीर खोल करायची ठरवली आणि मी सोनगीरला गेले असताना मेहरूणकडचा एक सुरुंगवाला आणला. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी परतले, गाडीतून उतरले, पाय धुतले आणि माझ्या खोलीत कणगीला टेकून जरा पडले. आणि डोकं धरलं. तीच शीर, तीच कानशिलं. आधी मला वाटलं, आज तुम्ही लवकर आलात. मग मी उठून बसले. मी अजून घरातलं पाणी प्यायलेच नव्हते. वाटेत जे प्यायले ते फिरकीच्या तांब्यातलं, सोनगीरचं. खोलीत गोडसर वास होता. कणगीच्या पलीकडे, घरातली सगळ्यात गार जागा म्हणून, कुणी तरी एक लाकडी पेटी आणून ठेवली होती आणि तिच्यावर घोंगडी पांघरली होती.

नाना, त्या पेटीसमोर मी किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. जे पेटीत होतं त्यानं माझं डोकं धरलं होतं. तेच डोकं इतकी वर्षं विहिरीच्या पाण्यानं धरत आलं होतं. रोज पाणी पिणारीला सवय होते, माहेरी जाऊन आलेलीची मोडते. सगळं तुम्हीच मला सांगितलं होतं आणि मी बांगड्या वाहत बसले होते. विहिरीत आसरा नव्हत्या. तुम्हीही नव्हता. तुमचा बार होता, निजलेला, पाण्याखाली, आणि झिरपून झिरपून आमच्या हंड्यात येत होता.

दिवे लागले. ओसरीवर दीर, सुरुंगवाला आणि माझा मुलगा जेवायला बसले. मी भाकरी करत होते, सासूबाई खांबाशी माळ घेऊन बसल्या होत्या. दीर खुशीत होते. ‘एक फायदा झाला,’ ते म्हणाले, ‘गाळ काढताना तळाला जुनं भोक सापडलं. मातीनं बुजलंय, पण पहार नीट बसते. उद्या तेच साफ करून पुढे नेऊ. दिवसाचं काम वाचलं.’

‘जुनं भोक मी सहसा धरत नाही,’ सुरुंगवाला म्हणाला.

‘अहो, सोनगीरच्या नानांचं भोक आहे ते. त्यांचा बार कधी राहिला नाही. पाणी लागलं म्हणून अर्धवट सोडलं असेल. रिकामंच आहे.’

‘सोनगीरच्या नानांचं? मग प्रश्नच नाही. त्यांचं नाव मी माझ्या उस्तादाकडून ऐकलंय.’ त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या मुलाला म्हणाला, ‘उद्या पहार तू धर. घण मी मारतो. हात सरळ ठेव म्हणजे झालं.’

तव्यावरची भाकरी करपत होती, मला दिसत होती. तुमचं म्हणून माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. घण आणि पहारी भावानं विकल्या. राहिली होती ती ही विहीर, तिच्यावरचं नाव, आणि वर्षातले ते दोन दिवस. आणि त्या नावाच्या भरवशावर माझा मुलगा त्या भोकावर पहार धरून बसणार होता.

मी दाराशी आले. ‘भाऊ, ते भोक रिकामं नाही,’ मी म्हणाले.

दिरांनी मान वर केली. ‘वहिनी, तुम्हाला काय ठाऊक? भाकर आणा.’

‘त्यात बार आहे. त्याचंच डोकं धरतं आखाजीला.’

दीर हसले. ‘घ्या! आता आसरांनीही सुरुंगाचा धंदा काढला.’ माझा मुलगा खाली मान घालून बसला. आपली आई परक्या माणसासमोर हे काय बोलतेय, असं त्याला झालं असणार.

सुरुंगवाला हसला नाही, पण म्हणाला, ‘अक्का, मी आल्यापासून हेच पाणी पितोय. या धंद्यातलं डोकं मला चांगलं ठाऊक आहे. मला तर काही झालं नाही. पानी गोड शे, बस.’

‘तुमच्या फेट्यात काय आहे?’ मी विचारलं.

‘वहिनी!’ दीर ओरडले. विधवेनं परपुरुषाला असं विचारावं, हे त्या ओसरीवर कधी घडलं नव्हतं. पण त्या माणसाचा हात ताटातून वर येता येता थांबला होता. त्यानं डाव्या हातानं फेट्याची एक घडी सोडली आणि बोटांत धरून एक कागद बाहेर काढला. तेलकट, चार घड्यांचा. तो कागदाकडे बघत राहिला, मग पाण्याच्या तांब्याकडे. ‘मला कळणारच नाही,’ तो स्वतःशी बोलल्यासारखा बोलला. ‘मला कसं कळेल?’ मग त्यानं ताट सरकवलं. ‘अक्का, बार कोना शे?’

‘मना बापना,’ मी म्हणाले.

 दिरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. ‘म्हणजे तुमच्या बापानं आमच्या पिण्याच्या पाण्यात सुरुंग ठेवून दिला आणि आम्ही इतकी वर्षं त्याच्या नावाचे नारळ फोडले,’ ते म्हणाले.  मी उभी राहिले. तेव्हा खांबाशी माळेचा आवाज थांबला आणि सासूबाई बोलल्या. त्या फार बोलत नाहीत. ‘तिना बापले बोलू नको,’ त्या दिरांना म्हणाल्या. ‘याहीनी सांगेल व्हतं, पानी उपसा, माले तळ दखनं शे. तुना बापनी ऐकं नही.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी बार उडत असतानाच पाणी फुटलं. माणसं ओरडायला लागली, गुलाल उधळला, कुणाचं लक्ष आवाजाकडे राहिलं नाही. तुम्ही एकटेच काठावर मान वाकडी करून उभे होता, उजवी मूठ मिटलेली. तुम्ही सासऱ्यांना म्हणालात, मोट लावा, पाणी उपसा, मला खाली उतरायचंय. दुष्काळात लागलेलं पाणी उपसून फेकायचं, हे सासऱ्यांना अशुभ वाटलं. ते म्हणाले, व्याही, पाणी पाहून डोळे दिपले की काय तुमचे, घरी जा, पोटभर झोपा. तुम्ही म्हणालात, आठ दिवसांनी मी परत येतो, तोवर तळाला कुणाला उतरू देऊ नका. सासऱ्यांनी हो म्हटलं. मग तुमची बातमी आली, आणि पाणी गोड निघालं, आणि सासरे त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. नारळ मात्र ते न चुकता फोडत राहिले. सासूबाईंनी हे त्यांच्या मागे इतकी वर्षं जपलं होतं. सांगून झाल्यावर त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला आणि माळ पुन्हा सुरू केली. आम्ही दोघी त्या ओसरीवर आपापला माणूस उघडा करून बसलो होतो, आणि दोघींनाही एकमेकींकडे बघवत नव्हतं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. निदान संशय होता. मला आता ते जोडे कळतात, नाना. तुम्ही तापात बरळत नव्हता. तुम्हाला इकडे यायचं होतं. ते जोडे कणगीमागे होते, आणि कुठल्या कणगीमागे ते मला ठाऊक होतं, पण मायनं डोळे वटारले होते.

सकाळी उरलेलं पाणी उपसलं. सुरुंगवाल्यानं माझ्या मुलाला खाली उतरू दिलं नाही, पहार स्वतः धरली आणि आपल्या जुन्या माणसाला हलक्या हातानं घण मारायला लावलं, जुन्या भोकापासून वीतभर जागा सोडून. दिवस गेला. ऊन कलल्यावर त्यानं बार भरला आणि साऱ्या गल्लीला मारुतीच्या देवळामागे पाठवलं. सासूबाई हलल्या नाहीत. म्हणून मीही घरात राहिले. लांबून त्याची आरोळी आली, मग काही नाही. रहाटावरचे पारवे उडाले तेवढं ऐकू आलं. आधी जमीन हलली, मग आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच्याच पोटातून निघाल्यासारखा, दुसरा. तो पहिल्यासारखा नव्हता. आखूड आणि जाड होता, खोकल्यासारखा. देवळीतली भांडी वाजली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडलं. ‘गया,’ त्या म्हणाल्या. एवढंच.

सुरुंगवाला वर आला तेव्हा त्याचं अंग धुळीनं पांढरं झालं होतं. दारातून जाताना तो फेट्याला हात लावून गेला. दीर त्या संध्याकाळी जेवले नाहीत. पुढच्या दसऱ्याला नारळ फुटेल की नाही मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. विहिरीला नवं पाणी लागलं आहे. चांगलं आहे म्हणतात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं. मुलगा विचारत होता, एवढं कुणाला लिहितेस. मी म्हटलं, अक्षर सुधारतेय. एक मात्र त्यालाही सांगितलेलं नाही आणि सासूबाईंनाही नाही. सकाळी मोटेनं विहीर उपसत होते, पाणी गल्लीतून वाहून चाललं होतं आणि बाया लेकरांना त्यापासून ओढून घेत होत्या, तेव्हा मी त्यातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि पदराखाली झाकून घरात आणलं. बार उडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, चूल पेटवायच्या आधी, मी ते प्यायले.